परवडणारी काठी

आमचे आबा दुकानात काठी निवडताना डोळे मिटून घेत. काठी म्हणजे मासे धरायची, गळाची. दुकानदाराने पुढ्यात ठेवलेल्या काठ्यांमधली एक उचलायची, तिची मूठ कमरेला टेकवायची, तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा पारदर्शक दोरा, कड्यांतून ओवायचा आणि त्याचं टोक शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या हातात द्यायचं. "ओढा," आबा म्हणायचे. तो माणूस बिचकत ओढायचा. "अजून." काठीचा शेंडा वाकायचा, मग मधला भाग वाकायचा, दुकानदार गल्ल्यामागून अर्धा बाहेर यायचा, आणि आबा डोळे मिटून, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे. कधी कधी काठी खरंच मोडायची. तेव्हा ते डोळे उघडून समाधानाने म्हणायचे, "ही चांगली. हिच्यासारखी दुसरी द्या." मोडलेल्या काठीचे पैसे स्वतः द्यायचे, त्यामुळे दुकानदाराला तक्रारीला जागा नसे.

आबा म्हणजे माझे सासरे. रोह्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा सांगणारा त्यांचा आवाज गावाला ओळखीचा होता, पण गावाने त्यांचं नाव ठेवलं होतं काठीवाले आबा. रोह्याला कंपन्या आल्या तशी बाहेरगावची पोरं कामाला आली. रविवारी करायचं काय, म्हणून ती कुंडलिकेच्या काठाला गळ टाकून बसायला लागली. त्यांना कोणीतरी सांगायचं, काठी घ्यायची तर आधी स्टँडवर जाऊन आबांना विचार. आबा ड्युटी संपली की त्यांच्याबरोबर बाजारात जायचे आणि हटकून स्वस्तातली काठी घ्यायला लावायचे. एखाद्याने किंमती काठीला हात लावला की म्हणायचे, "मासा आमिषाला येतो रे. काठीची किंमत विचारायला नाय येत." पोरं हसायची. लोकांना वाटायचं, म्हातारा काटकसरी आहे, दुसऱ्याचाही पैसा वाया जाऊ देत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं.

माझं माहेर पेणजवळचं जोहे. आमच्या घरी गणपतीचा कारखाना. लग्नाआधी मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत असे. रोह्याच्या घरात आले तर घर शांत. भांडण नव्हतं, धाक नव्हता, पण बोलणं असं फारसं नव्हतंच. माझे यजमान सुधीर कंपनीत शिफ्टला जात, घरी आले की वर्तमानपत्र घेऊन बसत. सासूबाई कामात. दाराच्या वरच्या बाजूला दोन खुंट्यांवर एक काळी, तुकतुकीत, परदेशी दिसणारी काठी आडवी ठेवलेली होती. आबा दर आठवड्याला ती उतरवून तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. नदीवर जाताना मात्र बांबूची साधी काठी न्यायचे. मी एकदा विचारलं, "आबा, ही चांगली आहे ना, मग ही का नेत नाही?" ते म्हणाले, "ती चांगली हाय म्हणूनच."

एकदा मी सुईत दोरा ओवत होते. आबा बघत होते. म्हणाले, "हात हलका हाय गो तुझा. चल नदीवर."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सुनेला नदीवर नेता? लोक काय म्हणतील?"

"मग कोणाला नेऊ?" आबा म्हणाले.

त्यावर सासूबाई गप्प झाल्या. सुधीरनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते आत निघून गेले. इतक्या साध्या प्रश्नावर सगळे असे का गप्प व्हावेत, मला कळलं नाही. मासे धरणाऱ्याच्या घरातला मुलगा नदीकडे फिरकतही नाही, हेही मला तेव्हाच जाणवलं.

माझी काठी आम्ही पेणच्या बाजारात घेतली. आबा मला माहेरी सोडायला आले होते. मला एक जाडजूड काठी आवडली होती, तिच्या कड्यांना सोनेरी दोऱ्याचं विणकाम होतं. आबांनी मला डोळे मिटायला लावले. "डोळा रंग विकत घेतो. हाताला विचार." हाताला ती काठी कुदळीच्या दांड्यासारखी लागली. दुसरी फारच लवचीक, शेपटीसारखी हलणारी. तिसरी मधोमध वाकायची. आबांनी मला तिचा तंगूस ओढायला लावला, काठी करकरली, तसे ते मानेने हो म्हणाले. दुकानदाराने जाड तंगूस पुढे केला तर त्यांनी तो परत दिला आणि बारीक मागितला. "आधी तंगूस तुटला पाहिजे," मला म्हणाले, "तो नाय तुटला तर काठी मोडली पाहिजे. माणूस सगळ्यात शेवटी." मी हसले. ते हसले नाहीत.

नदीवर त्यांच्या काही सवयी होत्या. गावाच्या खालच्या अंगाला, जिथे भरतीचं पाणी चढतं, तिथे आम्ही बसायचो. आबा नेहमी माझ्या आणि पाण्याच्या मधे बसायचे. तंगूस बोटाला गुंडाळलेला त्यांना चालायचा नाही. आणि ओहोटी लागली की उठायचे. मासा चाचपत असला, शेंडा थरथरत असला, तरी गळ गुंडाळायचे. "पाणी उतरलं. चल." पाण्याकडे पाठ करायचे नाहीत, बांध चढेपर्यंत तिरपे चालायचे. एक-दोनदा मला हाक मारताना त्यांच्या तोंडून दुसरंच नाव निघालं. "मोहन, धर जरा." मी काठी धरली. कोण मोहन, असं विचारायचं धाडस झालं नाही, कारण नाव निघाल्यावर ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले, जणू हाकेला ओ तिकडून यायची होती.

मग एका संध्याकाळी माझ्या गळाला जिताडा लागला. आपल्याकडे जिताड्याचं काय कौतुक असतं हे पेण-रोह्याच्या माणसाला सांगायला नको. जावई आला तर जिताडा, साहेबाला खूश करायचं तर जिताडा. पाण्यात चांदीची परात उलटावी तशी त्याची कूस चमकली आणि काठी कमानीसारखी वाकली. मी उठून दोन पावलं पुढे गेले. एवढ्यात आबांनी कमरेची सुरी काढली आणि तंगूस कापला. काठी सटकन सरळ झाली. मी चिखलात बसले.

"का कापलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तू पुढे गेलीस," आबा म्हणाले. त्यांनी सुरी पुन्हा कमरेला खोचली. "मासा ओढतो तेव्हा माणूस पुढे जातो. त्याला कळत नाय तो पुढे जातोय."

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच त्यांनी मला मोहनची गोष्ट सांगितली.

मोहन त्यांचा थोरला. बापासारखाच गळाचा वेडा. कंपनीत कायम झाला तेव्हा आबांनी त्याला एक काठी आणून दिली. मुंबईच्या गोदीत त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता, त्याच्याकडून परदेशी बोटीवरची मागवली. स्वतःला सायकल घ्यायची म्हणून पैसे बाजूला टाकले होते, ते तिच्यात घातले. पावसाळा सरल्यावर मोहन त्याच्या पेणकडच्या मित्राकडे, परशुरामकडे गेला. परशुरामची शेती खाडीलगत, खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत. दोघं बांधावर बसले. मोठा जिताडा लागला. मोहन बांधावरून चिखलात उतरला, चिखलातून पाण्यात. ओहोटी जोरात होती. परशुराम धावला, पण त्याच्या हाताला काही लागलं नाही. मोहन दुसऱ्या दिवशी सापडला. काठी त्याच्या आधी सापडली, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत अडकलेली. परशुरामने ती घरी आणून दिली.

"आणि म्हणाला, काठीला काय झालं नाय, आबा," सासूबाई म्हणाल्या. "शाबूत हाय. तेवढंच बोलला तो. तेव्हापासून हे असं. काठी मोडली असती तर पोरगा वाचला असता, एवढंच घेऊन बसलेत."

तेव्हा मला दुकानातलं ते ओढणं कळलं. रोह्यातल्या प्रत्येक पोराच्या हातात मोडणारी काठी देऊन हा माणूस दरवेळी मोहनला वाचवत होता. दारावरची काळी काठी कोणाची ते कळल्यावर मला काही दिवस त्या दारातून वाकून जावंसं वाटे.

बरीच वर्षं अशीच गेली. आबा निवृत्त झाले, काठ्यांचे प्रकार बदलले, एकात एक घड्या होणाऱ्या काठ्या आल्या, आबा त्याही ओढून बघत. अशात सुधीरच्या खात्यातला दिनेश नावाचा एक फिटर आमच्याकडे आला. कोलाडचा, हायवेवर त्याच्या घरच्यांचं जेवणाचं हॉटेल. त्याच्या हातात एक जबरदस्त काठी होती, मेव्हण्याने दिलेली. जिताडा मारायचाय म्हणाला. आबांनी काठी हातात घेतली, वाकवून बघितली. ती वाकेना. त्यांचा चेहरा उतरला.

"ही नको. मी तुला दुसरी देतो, साधी. चालेल?"

"आबा, फुकटची मिळालीय, टाकून देऊ?"

त्याने ऐकलं नाही. आबा त्याच्यामागे लागले. गाडीत बसून कोलाडला जायचे, हॉटेलाच्या बाकड्यावर चहा घेत बसायचे आणि दिनेश आला की तेच सांगायचे. त्याच्या बायकोलाही सांगून बघितलं. शेवटी दिनेश वैतागला. म्हणाला, "आबा, काठी माझी, जीव माझा. तुम्हाला काय त्रास हाय?" आबा उठून घरी आले. त्यानंतर दिनेश खाडीवर गेल्याचं कळलं की तो परत आल्याची खबर येईपर्यंत आबांना अन्न जायचं नाही.

आणि एके दिवशी दिनेश आमच्या पायरीवर येऊन बसला. दंडावर, गुडघ्यावर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा होत्या.

"पडलो, आबा. बांध सुटला पायाखालचा. पार गळ्यापर्यंत गेलो."

आबा दाराला धरून उभे राहिले. "काठी?"

"गेली. सोडली मी."

"लगेच?"

"मग काय. ती धरून बसलो असतो तर आज इथे असतो काय?"

"मजबूत होती. तरी सुटली हातातून?"

"सुटली नाय, सोडली. मेव्हण्याची होती, माझं काय जात होतं." दिनेश हसला आणि मग आबांचं तोंड बघून हसायचा थांबला. मी त्याला चहा दिला. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

दिनेश गेल्यावर ते मला म्हणाले, "मोहनने का नाय सोडली गो?" मोहनबद्दल माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "काठी मोडली नाय, कबूल. पण हात तर उघडता येतो माणसाला. त्याने का नाय उघडला?"

इतकी वर्षं त्यांनी काठीला दोष दिला होता. तो आधार दिनेशने नकळत काढून घेतला. पुढचे काही दिवस आबा घरातल्या घरात फिरत राहिले. मग म्हणाले, "पेणला जायचंय. परशुरामकडे. तू चल, मला एकट्याला नाय जमायचं."

परशुराम बांधाला चिखलाची डागडुजी करत होता. केस पांढरे झालेले, अंग राबून वाळलेलं. आबांना त्याने लांबूनच ओळखलं. फावडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि तसाच उभा राहिला.

"आलात," तो म्हणाला. "मला वाटायचं, एक दिवस याल. मग वाट बघायचं सोडलं."

"तुला बोल लावायला नाय आलो," आबा म्हणाले. "एकच विचारायचंय. तू त्याला काठी सोड म्हणालास?"

"म्हणालो. घसा बसेपर्यंत बोंबललो."

"त्याला ऐकू नाय गेलं?"

परशुराम माझ्याकडे बघायला लागला. जणू मी नको म्हणेन, अशी त्याची आशा होती.

"गेलं ऐकू," तो म्हणाला. "त्याने उत्तर दिलं, आबा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पुन्हा मिळायची नाय."

आबा बांधावर बसले. परशुरामच्या बायकोने लांबून पाहिलं आणि ती पाणी घेऊन आली. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. समोर खाडीचं पाणी उतरत होतं, तिवरांची मुळं उघडी पडत होती. आयुष्यभर ओहोटी लागली की उठणारे आबा त्या दिवशी बसून राहिले.

"तेव्हाच का नाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कसं सांगू? मी काठी आणून दिली, तुम्ही ती हातात फिरवून बघत होता, कुठे चीर गेली काय म्हणून. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही जगला असता काय?" परशुराम त्यांच्या शेजारी बसला. "मी बी जगायचं म्हणून नाय सांगितलं."

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले होते. पेण मागे पडल्यावर म्हणाले, "ते शब्द माझे होते गो. त्याच्या हातात काठी देताना मीच म्हणालो होतो. जीवापाड जप, पुन्हा मिळायची नाय." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो रोहा येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. आबांनी त्या काठीचं काय केलं, कोणाला दिली की कुठे टाकली, मला आजही माहीत नाही. सासूबाईंनी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

परशुराम काय म्हणाला ते मी सुधीरना सांगितलं. ते गॅलरीत उभे होते. म्हणाले, "मला आबांनी कधी महागाची वस्तू आणली नाही. घड्याळ घेतलं तर साधं, सायकल घेतली तर कोणाची तरी वापरलेली. मोहन गेला तेव्हा मी शाळेत होतो. मला वाटायचं, माझ्यावर खर्च करावासा त्यांना वाटत नाही. मोहनवर सगळं संपलं." एवढं बोलून ते आत गेले. बापाशी मात्र याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बापही बोलला नाही. आमच्या घरात प्रेमसुद्धा पाय न वाजवता चालायचं.

आबांनी काठी ओढून बघायचं सोडलं. लोक सल्ला विचारायला यायचे, ते जायचेही बाजारात, पण काठीला हात न लावता घेणाऱ्याला विचारायचे, "ही पाण्यात गेली तर काय करशील?" एखादा गमतीने म्हणाला, "जीव जाईल माझा," की ते त्याच्या हातातून काठी काढून घेत आणि हलकीतली पुढे करत. "घ्यायला परवडते ती काठी वेगळी आणि सोडायला परवडते ती वेगळी," असं ते सांगायचे. "सोडायला परवडेल तेवढीच घ्या." मी माझ्या मुलीला कानातलं घेताना, गाडी घेताना आणि एकदा लग्न ठरवतानाही हेच सांगितलं. तिला त्याचा उगम माहीत नाही.

शेवटी आबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. बोलणं तुटक झालं होतं, माणसांची ओळख एकमेकांत मिसळत होती. त्यांच्या शेवटच्या दुपारी सुधीर रजा घेऊन उशाशी बसले होते. सासूबाई भिंतीला टेकून होत्या. मी चमच्याने पाणी देत होते. आबांनी एकदम सुधीरचं मनगट पकडलं. अंगात ताकद उरली नव्हती, पण ती पकड घट्ट होती.

"मोहन," ते म्हणाले, "सोड ती."

सुधीरनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ज्या नावाच्या सावलीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं, त्या नावाला त्यांना ओ द्यायची होती.

"सोडली, आबा," ते म्हणाले.

"गेली काय?"

"गेली वाहून."

"जाऊ दे. दुसरी घेऊ आपण." आबांचा श्वास जरा सुटला. "तू वर आलास ना?"

"आलो, आबा. हा काय, बसलोय इथे."

"भिजला असशील." त्यांनी मान वळवून सासूबाईंना शोधलं. "अगो, याचं डोकं पूस. सर्दी होईल त्याला."

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. दोरीवरचा पंचा काढला. सुधीरच्या मागे उभ्या राहून त्या त्यांचे कोरडे केस पुसू लागल्या, आधी हळूहळू, मग चांगले खसाखसा, नदीवरून आलेल्या पोराचे पुसावेत तसे. सुधीर मान खाली घालून बसले. आबा बघत होते. पुसून झालं असं कोणीतरी म्हणायला हवं होतं, पण कोणीच म्हणालं नाही, आणि सासूबाईही थांबल्या नाहीत.